टाय काठाला जुळवायचा असतो

भाच्याने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. काळा सूट, मरून शर्ट आणि त्यावर तस्साच मरून टाय. टाय डब्यातून आलेला. सोबत त्याच चकचकीत कापडाचा खिशात खोचायचा रुमाल, कफलिंकांचा जोड आणि टायपिन. दुकानदाराने ‘वेडिंग सेट’ म्हणून गळ्यात मारला होता, तोही अक्षरशः. खाली प्रश्न : "मामा, माझ्या रिसेप्शनला चालेल ना? फुल मॅचिंग आहे."

मी लिहिलं, "शर्ट बदल."

"शर्ट? टाय नाही?"

"टायसुद्धा. पण आधी शर्ट."

मग त्याने फोनच केला आणि अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात जे सांगितलं आणि जे सांगायचं राहिलं, ते इथे लिहितोय. माझी पात्रता एवढीच, की मी बारा वर्षं एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी होतो, अकोला-अमरावती पट्ट्यात. मे महिन्यात पारा ४५ ला टेकलेला, अंगात पांढरा शर्ट, गळ्यात टाय, हातात ती जड बॅग, आणि दवाखान्याच्या बाकावर पेशंट लोकांच्या मधे बसून डॉक्टरसाहेब कधी बोलावतात याची वाट बघायची. आठवड्यातले सहा दिवस टाय बांधला की माणूस त्याच्यावर विचार करायला लागतो. बाकावर बसून दुसरं करणार काय?

भाच्याची चूक समजण्यासारखी आहे. जुळवणं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मॅचिंग सेंटर उभं राहतं. काउंटरमागे छतापर्यंत ब्लाउजपिसांच्या चळती, एकाच रंगाच्या वीस-वीस छटा, आणि साडीचा पदर बोटांत धरून बरोब्बर तीच छटा ओढून काढणारा माणूस. त्याच दुकानात आपल्या आया-मावश्या काठपदराची साडी घेऊन जातात तेव्हा मात्र वेगळंच करतात. साडी हिरवी आणि काठ मरून असेल तर ब्लाउज मरून घेतात. साडीच्या अंगाचा रंग तसाच सोडून काठाचा रंग उचलतात. टायला लागू पडतो तो हा दुसरा नियम. अंगाला जुळवलेला टाय शर्टात बुडून जातो आणि काठाला जुळवलेला उठून दिसतो.

म्हणजे नेमकं काय, ते बघू. कोटाचं बटण लावलं की छातीवर इंग्रजी व्ही अक्षरासारखी जागा उघडी राहते. समोरच्याची नजर पहिली तिथे पडते आणि तिथून वर चेहऱ्याकडे जाते. या जागेत शर्ट म्हणजे फिकं मैदान आणि टाय म्हणजे त्यातली गडद वाट. मैदान आणि वाट एकाच रंगाची झाली की छातीवर नुसता सपाट ठोकळा उरतो. भाच्याच्या फोटोत हेच झालं होतं. मरून ठोकळा, आणि वर कुठेतरी चेहरा.

म्हणून क्रम असा : आधी सूट, मग शर्ट, आणि टाय सगळ्यात शेवटी. टाय शर्टापेक्षा गडद हवा. हा नियम मोडणारे असतात, गडद शर्टावर फिकट टाय लावणारे. जुन्या हिंदी सिनेमातले खलनायक तसे दिसायचे आणि त्यांना शोभायचंही, पण त्यांच्या गाडीच्या डिकीत सोन्याची बिस्किटं असायची.

आता काठ कुठे शोधायचा? कुठेही, जिथे एखादा रंग थोडा, जरासाच दिसतो तिथे. पांढऱ्या शर्टावर बारीक वाइन रंगाची रेघ असेल तर टाय वाइन. करड्या सुटात निळसर धागा झळकत असेल तर टाय निळा. ब्लेझरसोबत तपकिरी बूट असतील तर गंजाच्या रंगाचा टाय छान दिसतो. आणि लग्नात तर काठ शोधायला लांब जायलाच नको, तो शेजारी उभा असतो. नवरीच्या शालूचा मुख्य रंग घेऊ नका, काठाचा घ्या, तोसुद्धा एखादी छटा खाली, म्हणजे जरा गडद. अगदी तोच रंग शोधायच्या नादी लागलात तर किंचित चुकलेली छटा फार खुपते. सरळ गडद घेतली तर ती ठरवून घेतल्यासारखी वाटते.

रंगांचं हे गणित बघायला फॅशनची मासिकं चाळायची गरज नाही. महाराष्ट्रात गावोगावी चौकात बाबासाहेबांचा पुतळा आहे. निळा सूट, पांढरा शर्ट आणि बहुतेक ठिकाणी लाल टाय. ज्यांना धड कपडा अंगावर घालण्याचीही मुभा नव्हती, त्यांच्यातून आलेल्या माणसाने हा पेहराव का निवडला असेल, हा विषय या लेखाच्या आवाक्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. इथे मी फक्त रंगांपुरतं बोलतो. एसटीच्या खिडकीतून, भर उन्हात, पन्नास फुटांवरूनही ते तीन रंग वेगवेगळे ओळखू येतात. गडद निळ्यावर पांढरा, पांढऱ्यावर लाल. पहिला सूट घेणाऱ्याने यापलीकडे काही शिकलं नाही तरी चालेल. गडद निळा सूट, पांढरा शर्ट आणि तीन टाय : गडद मरून, गडद निळा, बाटलीहिरवा. फिकट आकाशी शर्ट त्यात धरला की जोड्या सहा झाल्या. नोकरीची मुलाखत, रिसेप्शन, साहेबाच्या मुलीचं लग्न, सगळं यात निभतं.

आपल्याकडे मात्र पहिला सूट हमखास काळा घेतला जातो. काळा रात्री ठीक. दिवसाउजेडी तो रंग आपल्या सावळ्या-गव्हाळ चेहऱ्यावर जड बसतो, आणि त्यावर काळाच टाय लावला तर लोक तुम्हाला बर्थ कन्फर्म झाला का म्हणून विचारतील. टीसीखालोखाल काळा कोट आणि काळा टाय शोभतो तो वकिलांना. बार कौन्सिलच्या नियमांत तर खालच्या न्यायालयांमध्ये गळ्यातल्या पांढऱ्या बँडऐवजी काळा टाय चालतो असं चक्क लिहिलेलं आहे. बाकीच्यांनी काळ्या सुटावर पांढरा शर्ट आणि वाइन किंवा गडद राखाडी टाय घालावा.

आणखी एक गोष्ट मॅचिंग सेंटरकडूनच शिकावी. साडी आणि पीस घेऊन बायका दुकानाच्या दारात, उजेडात जातात, मान तिरकी करून बघतात आणि मगच पैसे देतात. आपण पुरुष काचेच्या शोकेसवर, पिवळ्या दिव्याखाली टाय घेतो, आणि घरी आल्यावर तो निळा नसून जांभळा निघतो. दुकानदाराला लाज न बाळगता सांगा, जरा दारापर्यंत जाऊन येतो.

नक्षीचं सांगतो. शर्ट साधा असेल तर टाय कसाही चालतो. शर्टावर चौकडा किंवा रेघा असतील तर टायवरची नक्षी आकाराने वेगळी हवी. बारीक चौकड्यावर रुंद पट्टे किंवा मोठे ठिपके, रुंद रेघांवर बारीक बुट्टी. दोन्हीकडे एकाच मापाची नक्षी आली की बघणाऱ्याचे डोळे मिटमिटतात, आणि व्हिडिओ कॉलवर तर छाती पाण्यासारखी हलताना दिसते. शर्ट, टाय आणि कोट तिन्हींवर नक्षी हा खेळ ज्यांना जमतो त्यांना हा लेख वाचायची गरज नाही.

तिरप्या पट्ट्यांच्या टायची मात्र एक गंमत आहे. इंग्लंडमध्ये हे पट्टे म्हणजे ओळखपत्र असायचं. अमुक पलटण, अमुक शाळा, अमुक क्लब. लॉर्ड्सवर कसोटी सामना बघताना पॅव्हेलियनमध्ये लाल-पिवळ्या टायचे म्हातारे दिसतात, ते एमसीसी या क्रिकेट क्लबचे सभासद. दुसऱ्याच्या पलटणीचा टाय घालणं तिथे वाईट दिसायचं. इंग्रजी पट्टे घालणाऱ्याच्या डाव्या खांद्याकडून उजवीकडे खाली उतरतात. अमेरिकेत ब्रूक्स ब्रदर्स या कपड्यांच्या कंपनीने ते उलट्या दिशेने फिरवून विकायला काढले, म्हणजे कुणाच्या पलटणीशी घोळ नको. आपल्याकडे हा प्रश्न येत नाही. आपल्याकडे पट्ट्यांचा टाय म्हणजे इंग्रजी मीडियमची शाळा, तयार गाठीचा, मागे इलॅस्टिकवाला, मधल्या सुट्टीत ताणून शेजारच्याच्या मानेवर फट्कन सोडायचा.

चकाकीबद्दल माझं मत कडक आहे. आरशासारखा चमकणारा सॅटिनचा टाय दुकानात छान दिसतो आणि फ्लॅश पडला की फोटोत पांढरा डाग होऊन बसतो. पोत दिसेल असं कापड घ्या. भंडाऱ्याकडची करवतकाठी टसर साडी हातात घेतली असेल तर मी काय म्हणतोय ते बोटांना लगेच कळेल. धागा थोडा खरखरीत आणि चमक आतून येणारी, दबलेली. असा टाय शंभर लोकांच्या हॉलमध्येही ओरडत नाही. रुमाल खिशात ठेवायचा तर साधा पांढरा ठेवा. टायच्याच कापडाचा रुमाल म्हणजे सोफ्याच्या कव्हरातून उरलेल्या तुकड्याची उशी.

रुंदीचा हिशेब सोपा आहे. कोटाची छातीवर दुमडलेली पट्टी असते, टेलर तिला लॅपल म्हणतात, तिच्याएवढाच साधारण टाय रुंद हवा. सव्वातीन इंच कुणालाही चालतो. दोन इंचांचा चिंचोळा टाय सडपातळ पोरांनीच घालावा. माझ्यासारख्या पोट सुटलेल्याच्या अंगावर तो थर्मामीटर वाटतो.

लांबी : टोक पट्ट्याच्या बकलाला टेकलं पाहिजे. वर राहिलं तर लाळेरं, खाली गेलं तर घंटेची दोरी. बाजारातला टाय साधारण ५८ इंचांचा असतो. पोट पुढे असलं की टायचा उतार वाढतो आणि तो तोकडा पडतो, त्यामुळे बांधताना रुंद टोक आधीच जास्त खाली सोडावं लागतं. सहा फुटांच्या वरच्या माणसांनी लांब मापाचा मागून घ्यावा.

गाठीवर इंटरनेटवर लोक भांडत बसलेले असतात. केंब्रिजच्या फिंक आणि माओ या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी गणित मांडून टाय बांधण्याच्या ८५ रीती काढल्या, १९९९ साली. तुम्हाला एक पुरते. रुंद टोक उजव्या हाताला घ्या, अरुंद टोकापेक्षा वीतभर तरी खाली, पोटवाल्यांनी आणखी. रुंद टोक अरुंदावरून डावीकडे न्या, मागून उजवीकडे आणा, पुन्हा समोरून डावीकडे. मग गळ्याजवळच्या फासातून खालून वर काढा आणि समोर जो पदर तयार झालाय त्याच्या आतून खाली ओढा. झालं. इंग्रजीत हिला फोर-इन-हँड म्हणतात. ही गाठ किंचित तिरकी बसते. बसू द्या, ते तिरकेपणच तिची शोभा. आवळण्याआधी गाठीच्या लगेच खाली तर्जनीने मधोमध दाबा आणि दोन्ही कडा चिमटीत धरून मग ओढा, म्हणजे एक छोटी खळी पडते. हनुवटीवरची खळी आणि टायवरची खळी यांत फरक इतकाच, की दुसरी कष्टाने मिळवता येते.

जाड, त्रिकोणी विंडसर गाठ नवऱ्या मुलांना फार आवडते. जिच्यासाठी ड्यूक ऑफ विंडसरचं, म्हणजे गादी सोडलेल्या इंग्लंडच्या राजाचं, नाव घेतात ती गाठ तो स्वतः बांधतच नव्हता. तो टायच जाड अस्तराचे शिवून घ्यायचा आणि साधी गाठ मारायचा. विंडसरला लांबी जास्त लागते आणि कॉलरही पसरट लागते. नेहमीच्या टोकदार कॉलरमध्ये ती सामोसा अडकल्यासारखी दिसते.

आणि गाठ कितीही सुबक मारा, वरचं बटण लागत नसेल तर सगळं फुकट. आपल्याकडच्या रेडिमेड फॉर्मल शर्टांवर ३९, ४०, ४२ असा जो आकडा असतो तो बहुतेक वेळा कॉलरचा घेर असतो, सेंटिमीटरमध्ये. आपण तो छातीचा समजून घेतो, मग बटण लागत नाही, मग टाय सैल ठेवतो आणि मुलाखतीला संध्याकाळी सहा वाजताचा चेहरा घेऊन जातो. बटण लावल्यावर कॉलरमध्ये एक बोट जाईल एवढा शर्ट घ्यावा.

टाय चांगला की वाईट हे ओळखायला त्याच्या पोटात बघावं लागतं. टायचं कापड सरळ उभं न कापता उरेप कापतात, म्हणजे धाग्याला ४५ अंश तिरकं. उरेप कापड ताणलं की लांबतं आणि सोडलं की जागेवर येतं, परकराच्या गोटाला उरेप पट्टी का लावतात ते शिवणकाम येणाऱ्या कुणालाही विचारा. टाय असा उरेप कापून तीन तुकड्यांत जोडायची रीत न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फने १९२० च्या दशकात रूढ केली. त्याआधीचे टाय एकदा पिळले की पिळलेलेच राहायचे. दुकानात पारख करायची तर टाय अरुंद टोकाला धरून हवेत लोंबकळत सोडा. सरळ राहिला तर कापणी बरोबर आहे. स्वतःभोवती गिरकी घेतली तर कापड वाचवायला कातर वाकडी चालवलीय, ठेवून द्या.

रुंद टोक उलटं करून आत बघितलं तर एक सुटा दोरा दिसेल, कधी त्याला छोटा फासही असतो. शिंप्याने कापायचा विसरला असं वाटतं. मला वाटलं. पहिल्या पगारात घेतलेल्या रेशमी टायचा तो दोरा मी दाढीच्या ब्लेडने कापला. महिन्याभरात मागची शिवण खालपासून वरपर्यंत उलगडली आणि एका बालरोगतज्ज्ञांच्या टेबलावर वाकलेलो असताना आतलं अस्तर बाहेर आलं. डॉक्टर सज्जन होते, त्यांनी फक्त चष्मा पुसला. तो दोरा म्हणजे मागच्या सगळ्या शिवणीचा कणा असतो. हाताने घातलेला, मुद्दाम सैल ठेवलेला एकच लांब टाका, ज्याच्यावर टाय गाठ मारताना सरकतो. त्याला हात लावू नका.

टायला इस्त्रीही करू नका. कडा चपट्या होतात आणि कापडावर तेलकट चमक येते. आंघोळ झाल्यावर वाफ भरलेल्या बाथरूममध्ये टांगून ठेवा, वळ्या जातात. रात्री गाठ सोडायची ती ज्या क्रमाने बांधली त्याच्या उलट क्रमाने सोडायची. गाठ तशीच ठेवून डोक्यातून काढणं, दुसऱ्या दिवशी डोक्यातून घालणं, हे मीही केलंय. दोन महिन्यांत टायच्या मानेला कायमची सुरकुती पडते.

कधी घालायचा नाही, हेही सांगायला हवं. बंदगळ्यावर नाही, तिथे टायला जागाच नसते. अर्ध्या बाह्यांच्या शर्टावर मी घातलाय, साहेबांचा हुकूम होता म्हणून, आणि आरशात बघून दररोज वाईट वाटलंय. त्यापेक्षा पूर्ण बाह्या दुमडाव्यात. जपानने २००५ पासून उन्हाळ्यात कचेऱ्यांमधून टाय आणि कोट उतरवले, म्हणजे एसी २८ अंशांवर ठेवता येईल. इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांत २००७ मध्ये डॉक्टरांना टाय नको असं ठरलं, कारण तो पेशंटवर लोंबकळतो, जंतू नेतो आणि धुतला जात नाही. ती बातमी आम्हा एमआर लोकांत फिरली तेव्हा आम्ही दवाखान्याच्या बाकावर टाय लावूनच बसलो होतो.

भाच्याचं पुढे काय झालं? तो, त्याची आई म्हणजे माझी ताई, आणि मरून डबा, तिघं परत दुकानात गेले. सूट गडद निळा घेतला, शर्ट पांढरा. नवरीचा शालू हिरवा, वाइन काठाचा. सेल्समनने हिरवे टाय काढायला सुरुवात केली तेव्हा ताईने शालूचा फोटो नाही, शालूच पिशवीतून काढला, वाइन रंगाचे तीन टाय उचलले आणि दाराशी उजेडात जाऊन दोन मिनिटांत एक निवडला. तिला मी काही सांगितलेलं नव्हतं.

रिसेप्शनच्या दिवशी सहा वाजता व्हिडिओ कॉल आला, गाठ तिसऱ्यांदा चुकली होती. उलट्या आरशात शिकवणं म्हणजे शिक्षा असते, पण चौथ्या वेळी जमली, खळीसकट. मी एवढंच बजावलं, की जेवायला बसताना टाय खांद्यावर टाक. रेशमावर हळदीच्या वरणाचा थेंब पडला तर कुठलाच ड्रायक्लीनर तो काढून देत नाही. पोराने ऐकलं. फोटोग्राफरने नेमका तोच क्षण टिपला, नवरदेव तोंडात जिलबी आणि खांद्यावर टाय. ताई म्हणते तो फोटो अल्बममधून काढा, मी म्हणतोय पहिल्या पानावर लावा.